हळदीची साक्ष

आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचतोय का? पोचतोय, बरं. पंखा तेवढा एक खटका कमी करा, माझे कागद उडतायत.

इथे येण्याआधी संताजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन आलो. सुदुंबऱ्यात येऊन ते न करता व्याख्यानाला उभं राहणं बरं दिसलं नसतं. आणि खरं सांगायचं तर आजच्या विषयाची सुरुवात तिथूनच होते. संताजी जगनाडे हे धंद्याने तेली. घाणा चालवणारा माणूस. पण आज आपण त्यांना ओळखतो ते तेलामुळे नाही, तर तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले म्हणून. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या ही हकीगत इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या वर कशा आल्या याबद्दल दोन परंपरा आहेत. एक म्हणते नदीने तारल्या. दुसरी म्हणते लोकांच्या तोंडी होते आणि कुणाकुणाच्या वहीत होते ते अभंग पुन्हा जुळवले गेले. मी त्या वादात आज पडत नाही. एवढंच म्हणतो की या गावची कीर्ती ही न विसरण्याची कीर्ती आहे, आणि इथे मला बोलायचंय ते विसरण्याबद्दल.

विषय सुचला तो असा. तळेगावला सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एकाने मला मोबाइलवरचा एक मजकूर दाखवला. त्यात तीन वाक्यं होती. पहिलं, हळदीतलं कर्क्युमिन थेट जनुकांवर काम करतं. दुसरं, म्हणून त्याने अल्झायमर बरा होतो. तिसरं, अमेरिकेने हे आपल्याकडून पळवलं होतं, पण आपण खटला जिंकून परत आणलं. खाली कॅप्सूलच्या बाटलीचा फोटो आणि फोन नंबर. त्या गृहस्थांच्या घरी पत्नीला हा आजार आहे. त्यांनी विचारलं, "सर, घेऊ का?"

मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानातला. औषध सांगायचा मला अधिकार नाही. पण एक वाक्य दुसऱ्या वाक्याला कुठे टाचलंय आणि टाका कुठे उसवतोय, हे बघणं आमच्या धंद्यात येतं. तर या तीन वाक्यांचा इतिहास आज सांगतो. उलट्या क्रमाने सांगतो, कारण खटल्याची गोष्ट सगळ्यांना आवडते.

२८ मार्च १९९५. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट दिलं. क्रमांक ५४०१५०४. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे, सुमन दास आणि हरिहर कोहली. पेटंट कशाबद्दल? जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. तुम्ही हसताय. तेव्हाही लोक हसले, मग चिडले. त्याच वर्षी दिल्लीत सीएसआयआरच्या प्रमुखपदी आले रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचा जन्म, मुंबईत गिरगावातलं गरिबीतलं बालपण, आणि त्याआधी काही वर्षं आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. त्यांच्या काळात सीएसआयआरने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिलं. बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ होते, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेख होता. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पेटंटमधले दावे रद्द झाले. स्वातंत्र्याचं पन्नासावं वर्ष. लोक दुसरी हळदीघाटची लढाई म्हणू लागले, आणि ते नाव चिकटलं. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल कोश करायचं काम सुरू झालं, ते याच अनुभवातून. माझ्या मते स्वतंत्र भारतातल्या वैज्ञानिक संस्थांनी केलेल्या शहाण्या कामांमध्ये याचा नंबर वरचा आहे.

आता थांबा. इथेच टाका उसवतो. त्या खटल्यात प्रश्न काय होता? हळदीने जखम भरते का, हा प्रश्न तिथे नव्हताच. प्रश्न होता, हे नवीन आहे का? पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. आपण दाखवलं की हे जुनं आहे, लिहिलेलं आहे, माहीत आहे. बास. ग्रंथ साक्षीला उभे राहिले ते "आम्ही हे आधी म्हटलं होतं" एवढंच सांगायला. म्हटलेलं खरं आहे की नाही, याबद्दल पेटंट कार्यालयाने त्यांना विचारलंच नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. उद्या कुणी भूत उतरवायला मिरच्या ओवाळण्याचं पेटंट घेतलं, तर तेही आपण याच रीतीने रद्द करू शकू. म्हणजे भूत उतरतं असं सिद्ध झालं का?

पण गावोगाव बातमी पोचली ती अशी की अमेरिकेने हळदीचा गुण मान्य केला. मी स्वतः वर्गात असं बोललोय. पन्नाशीतला प्राध्यापक, प्रमाणशास्त्र शिकवणारा, आणि "हे ज्ञात होतं" यावरून "हे ज्ञान आहे" यावर उडी मारून मोकळा झालो होतो. एका विद्यार्थिनीने तासानंतर हे मला सांगितलं. नाव सांगत नाही, ती आता शिक्षिका आहे आणि माझ्यापेक्षा बरं शिकवते.

मग आपले ग्रंथ हळदीबद्दल खरोखर काय म्हणतात? चरकाने औषधांचे पन्नास वर्ग केले आहेत. हळद त्यात सापडते ती त्वचारोगांवरच्या वर्गात, विषावरच्या वर्गात, मेद खरवडून काढणाऱ्या लेखनीय वर्गात. बुद्धी आणि स्मरणशक्तीसाठी चरकाने वेगळी चार मेध्य रसायनं सांगितली आहेत. मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. यात शंखपुष्पी विशेष, असंही तो सांगतो. हळद या चारांत नाही. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की उन्मादावरच्या कल्याणक घृतात हळद येते, पण ती अठ्ठावीस औषधांच्या मेळ्यात येते. दिंडीत चालणाऱ्या वारकऱ्यासारखी, विणेकऱ्यासारखी नाही.

गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. भारतात छापल्या गेलेल्या सगळ्यात आधीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात हळदीवर संवाद आहे. तो तिला इकडचं केशर म्हणतो. रंगासाठी, स्वयंपाकासाठी, आणि डोळ्यांच्या नि त्वचेच्या तक्रारींसाठी ती वापरतात अशी त्याची नोंद आहे. पुन्हा त्वचाच. आपल्या आज्यांना विचारा. कापलं, हळद दाब. मुरगळलं, हळद-मीठ गरम करून लाव. घसा धरला, दुधात हळद. नवऱ्या मुलीला हळद. पण "आजोबा विसरायला लागले, हळद द्या" असं कुणाच्या आजीने म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. माझी आजी विसरणाऱ्या म्हाताऱ्याला "साठी बुद्धी नाठी" म्हणून गप्प बसायची.

(श्रोत्यांतून: ब्राह्मी द्यायचे की.)

बरोबर. ब्राह्मी द्यायचे. पण कोणती ब्राह्मी? हा प्रश्न आडवळणाचा आहे, तरी एक मिनिट घेतो. आपल्याकडे, महाराष्ट्रात, पाणवठ्याकाठची गोल वाटोळ्या पानांची वेल बऱ्याच घरांत ब्राह्मी म्हणून ओळखली जाते. ती खरं तर मंडूकपर्णी. केरळात ब्राह्मी म्हणजे जाडसर बारीक पानांची वेगळीच वनस्पती, जिला आपण जलब्राह्मी म्हणतो. शंखपुष्पीचं तर याहून अवघड. दोन-तीन वेगळ्या वनस्पती त्या नावाने विकल्या जातात, आणि केरळात चक्क गोकर्ण वापरतात. म्हणजे "परंपरा सांगते" असं म्हणण्याआधी परंपरा कोणत्या झाडाबद्दल बोलतेय हेच ठरवावं लागतं. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी आणि विद्यापीठात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी वनस्पतींची ओळख पटवण्याचं किचकट काम केलं. त्याला टाळ्या मिळत नाहीत.

तर मग हळद आणि स्मृती यांची गाठ मारली कुणी? विज्ञानाने मारली, आणि ती अलीकडची आहे. १८१५ मध्ये फ्रान्समध्ये फोगेल आणि पेल्तिये या दोघांनी हळदीतलं पिवळं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला कर्क्युमिन नाव दिलं. १९१० मध्ये त्याची रचना उलगडली. गंमत म्हणजे त्याच १९१० साली जर्मनीत क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात एका आजाराला सहकाऱ्याचं नाव दिलं, अल्झायमर. आलोइस अल्झायमरने १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात एक्कावन्न वर्षांची एक बाई तपासली होती, ऑगुस्टं डेटर. तिच्या मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि पेशींच्या बाहेर साचलेले डाग नि पेशींच्या आत पडलेले गुंते त्याने १९०६ मध्ये सभेत दाखवले. हे डाग म्हणजे अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचा गाळ, आणि गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे. हळद आणि हा आजार या दोन गोष्टींची भेट व्हायला मात्र पुढची नव्वद वर्षं जावी लागली.

ती झाली कॅलिफोर्नियात. २००१ मध्ये लॉस एंजलिसच्या ग्रेग कोल आणि सहकाऱ्यांनी अमिलॉइड साचणारे उंदीर घेतले, त्यांना कर्क्युमिन खाऊ घातलं, आणि गाळ कमी झालेला दाखवला. २००५ मध्ये हेही दाखवलं की हे पिवळं द्रव्य त्या गाळाला जाऊन चिकटतं. नेमकं २००१ मध्येच आपल्याकडच्या हरियाणातल्या वल्लभगडचा एक मोठा अभ्यास छापून आला. विजय चंद्रा, मेरी गांगुली आदींचा. पासष्टीपुढच्या हजार माणसांमागे वर्षाला अल्झायमरचे ४.७ नवे रुग्ण, आणि त्याच पद्धतीने पाहिलेल्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १७.५. झालं! भारतात हळद खातात, भारतात अल्झायमर कमी, म्हणून हळद. कित्येक शोधनिबंधांच्या पहिल्या परिच्छेदात हे वाक्य फिरत राहिलं.

नैयायिक याला काय म्हणेल? व्यभिचार तपासला का, असं विचारेल. वल्लभगडमध्ये हळद खातात, तसंच तिथे माणसं कमी जगत होती, आजार सुरू झाल्यावर फार वर्षं टिकत नव्हती, विसरणाऱ्या म्हातारीला कुणी रुग्ण मानत नव्हतं, आणि आजाराचा धोका वाढवणारा जनुकाचा एक प्रकार तिथे कमी आढळत होता. अभ्यास करणाऱ्यांनीच या शक्यता मांडल्या होत्या. हळदीवर त्यांनी सगळा भार टाकलेला नव्हता. आणि आता बघा, २०२३ मध्ये देशभरच्या पाहणीवरून जो अंदाज निघाला त्यानुसार साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे. अठ्ठ्याऐंशी लाख माणसं. हळद तर आपण सोडलेली नाही.

आता जनुकांकडे येतो. हा भाग जरा सावकाश घेऊ, कारण त्या बाटलीवरचं सगळ्यात वजनदार वाक्य हेच.

तुमच्या यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जनुकांची पोथी एकच आहे. अक्षरन्‌अक्षर तीच. मग एक पेशी यकृत का होते आणि दुसरी मेंदू का? गाथा एकच असते, पण काकड्याला कोणते अभंग म्हणायचे, कीर्तनात कोणते, आणि माणूस गेल्यावर कोणते, हे वेगळं ठरतं ना? तसंच. कोणत्या पेशीने कोणतं पान कधी उघडायचं, याला जनुकांचं नियमन म्हणायचं. पोथीचा धागा हा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळाला अ‍ॅसिटिल नावाची बारीक खूण लागली की गुंडाळी सैल होते, पान वाचता येतं. खूण काढली की घट्ट. खुणा लावणारी प्रथिनं वेगळी, काढणारी वेगळी. लावणाऱ्यांपैकी दोन महत्त्वाची, त्यांची नावं सीबीपी आणि पी-३००.

२००४ मध्ये बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये तपस कुंडू यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की कर्क्युमिन या सीबीपी आणि पी-३०० ला अडवतं. म्हणजे हळदीतलं द्रव्य जनुकांच्या नियमनात हात घालतं, हे पहिलं वाक्य खोटं नाही. भारतीय प्रयोगशाळेचं, चोख काम. अभिमान वाटावा असंच.

पण मंडळी, अडवतं. हा शब्द बाटलीवर कुठेच नाही. आणि आता त्याच वर्षी, २००४ मध्येच, अमेरिकेतल्या दोन गटांनी काय दाखवलं ते ऐका. उंदरांत सीबीपीचं काम अधू केलं तर त्यांची दीर्घकाळची स्मृती बिघडते. माणसांतही सीबीपीच्या जनुकात दोष असलेली मुलं जन्मतात, त्यांचा बौद्धिक विकास मागे राहतो, अंगठे रुंद असतात. २००७ मध्ये अमेरिकेतच ली-हुएई त्साई यांच्या गटाने उलट बाजूने दाखवलं. खुणा काढणाऱ्या प्रथिनांना अडवलं, म्हणजे खुणा टिकून राहिल्या, तर पेशी नष्ट झालेल्या उंदरांनाही जुनं शिकलेलं पुन्हा आठवलं. म्हणजे स्मृतीला हव्यात जास्त खुणा, आणि कर्क्युमिन खुणा लावणाऱ्याचाच हात धरतं. "जनुकांवर काम करतं, म्हणून स्मृती सुधारेल" यातला "म्हणून" कुठून आला? सरळ हिशेब केला तर उलटच निघतं!

मी असं म्हणत नाही की हळदीने स्मृती जाते. कर्क्युमिन आणखीही बऱ्याच ठिकाणी हात घालतं, दाह वाढवणाऱ्या जनुकांना दाबतं असंही दिसलेलं आहे, आणि भाजीतली हळद मेंदूपर्यंत पोचते किती हा वेगळाच प्रश्न. मी म्हणतो ते इतकंच की "जनुकांवर परिणाम करतं" ही प्रशस्ती नव्हे. उपासाने जनुकांचं नियमन बदलतं. जागरणाने बदलतं. तंबाखूच्या धुरानेही बदलतं. कोणती पानं, कोणत्या पेशीत, कोणत्या दिशेने, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

याच प्रयोगशाळेची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, आणि ती कोकणातली वाटते. ओला काजू सोलताना बायकांची बोटं ज्याने भाजतात, ते टरफलातलं तेल तुम्हाला माहीत असेल. काजू पोर्तुगीजांनी गोव्यात आणला, आपला नव्हेच तो. त्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. कुंडूंच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की तेही पी-३०० ला अडवतं. पण मग त्यांनी त्या रेणूत फेरफार केले, आणि त्यातून एक नवा रेणू निघाला जो अडवण्याऐवजी उलट चेतवतो. पुढे त्या घराण्यातला आणखी एक रेणू तयार केला. तो मेंदूत शिरेना, म्हणून ग्लुकोजपासून केलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म गोळीवर बसवला. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की उंदरांची स्मृती त्याने जास्त काळ टिकते, आणि २०१८ मध्ये टाऊचे गुंते होणाऱ्या उंदरांतही गेलेली स्मृती परतलेली दिसली. उंदरांत. हे पुन्हा सांगतो, उंदरांत. आता सांगा, ही वनस्पतीची देणगी की रसायनशास्त्राची? काजूच्या टरफलाने दार दाखवलं. आत जायला तीस पावलं माणसाने टाकली, आणि शेवटी हातात जे आलं ते काजूत कुठेच नव्हतं. म्हणून उद्या कुणी काजूच्या तेलाचा काढा विकायला लागला तर...

(हशा.)

हसू नका, विकतील.

अश्वगंधेचंही असंच. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाने २०१२ मध्ये अश्वगंधेच्या मुळाचा अर्क अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांना तीस दिवस दिला. गाळ कमी झाला, वागणं सुधारलं. सगळ्यांना वाटलं अर्क मेंदूत काम करतोय. तो करत होता यकृतात! यकृतातल्या एका प्रथिनाचं प्रमाण वाढत होतं, ते रक्तातला अमिलॉइड ओढून घेत होतं, आणि त्यामुळे मेंदूतला बाहेर येत होता. हे खरं का, म्हणून त्यांनी यकृतातलं तेच जनुक मुद्दाम दाबून पाहिलं. परिणाम नाहीसा झाला. याला म्हणतात विचारणं. चरकाने प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तोपदेश यांच्या जोडीला युक्ती हे चौथं प्रमाण मानलं, अनेक कारणं एकत्र येऊन कार्य कसं होतं ते ओळखणारी बुद्धी. मला तरी ती युक्ती त्या यकृताच्या प्रयोगात दिसते. आणि ग्रंथातली ओळ फलकावर छापणाऱ्यांत दिसत नाही.

माणसांवर कर्क्युमिनचं काय झालं, ते थोडक्यात. हाँगकाँगला चौतीस रुग्णांवर सहा महिने चाचणी झाली, २००८ मध्ये छापली गेली. लॉस एंजलिसला छत्तीस रुग्णांवर चोवीस आठवडे, २०१२ मध्ये. रोज चार ग्रॅमपर्यंत डोस. दोन्हीकडे फायदा दिसला नाही. रक्तात ते द्रव्य जेमतेम सापडत होतं. चार ग्रॅम म्हणजे किती बघा. हळकुंडात कर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे रोज सव्वाशे-दीडशे ग्रॅम हळद. सांगलीचा व्यापारी खूश होईल, तुमचं पोट होणार नाही. २०१७ मध्ये औषधरसायनाच्या एका मान्यवर नियतकालिकात लांबलचक आढावा आला. शंभरावर चाचण्या झाल्या, पण रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही अंधारात ठेवून केलेली एकही तोवर यशस्वी झालेली नाही, असं त्यात म्हटलं. कारणही दिलं. हे द्रव्य स्वतः चमकतं, भेटेल त्या प्रथिनाला चिकटतं, भराभर मोडतं. त्यामुळे प्रयोगशाळेत सगळीकडेच "काम करतंय" असा भास होतो. सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस असतो ना, त्यातला प्रकार. अपवाद सांगायला हवा. २०१८ मध्ये लॉस एंजलिसलाच, आजार नसलेल्या चाळीस जणांच्या चाचणीत काहींना सहज शोषलं जाणारं कर्क्युमिन दीड वर्ष दिलं, आणि स्मरणाच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. चाळीस माणसं. दार बंद झालेलं नाही, पण बाटली विकण्याइतकं उघडलेलंही नाही.

वनस्पतींनी या आजारात काहीच दिलं नाही असंही नाही. गॅलँटामिन हे औषध युरोपात हिमातून उमलणाऱ्या एका फुलाच्या कंदातून आलं. बल्गेरियात १९५० च्या दशकात त्यावर काम झालं, अमेरिकेत २००१ मध्ये अल्झायमरसाठी मान्यता मिळाली. रिव्हास्टिग्मिनचा रेणू पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषारी शेंगेतल्या द्रव्यावर बेतलेला. दोन्ही आपल्याकडे मिळतात. दोन्ही काही काळ थोडा आधार देतात, आजार थांबवत नाहीत, आणि दोन्हींचा जनुकांशी असा संबंध नाही. मेंदूतलं एक निरोप्या द्रव्य लवकर मोडू नये एवढंच बघतात. आणि आपल्याच मुंबईत रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा घेतली, रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. जग सर्पगंधेकडे वळलं ते तेव्हा. पुढे त्याच औषधाने काही रुग्णांचं मन खचतं हेही नोंदलं गेलं. गुण जिथे नोंदला जातो तिथेच दोषही नोंदला जातो.

आता एक घरचं सांगतो, आणि मग प्रश्न घेऊ. माझ्या थोरल्या बहिणीला हा आजार होता. ताई प्राथमिक शाळेत शिक्षिका, पाढे म्हणजे पाढे. मी स्वतः तिला चौदा महिने कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणून दिल्या. महागाच्या. दर रविवारी जाऊन तिला ठरलेले प्रश्न विचारायचो; भाच्यांची नावं, आजचा वार, आईचं माहेर. उत्तर बरोबर आलं की मी ते कॅप्सूलच्या नावे जमा करायचो, चुकलं की आजाराच्या. पस्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेला माणूस! कॅप्सूलला हरता येईल असा एकही रविवार मी शिल्लक ठेवला नव्हता. आणि त्या चौदा महिन्यांत आमच्या ध्यानात आलं नाही की ताईला मुळात ऐकूच कमी येत होतं. निम्मे प्रश्न तिच्यापर्यंत पोचत नव्हते. कानाचं यंत्र आणलं तेव्हा उशीर झाला होता, तिला ते कानात ठेवणं समजेना. कमी ऐकू येणं हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक आहे, हे लॅन्सेटच्या आयोगाने २०१७ पासून सांगितलंय. २०२४ च्या अहवालात असे चौदा घटक आहेत. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, अधू दृष्टी, कमी शिक्षण वगैरे. त्यांचा बंदोबस्त झाला तर पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज आहे. मी बाटलीच्या मागे होतो.

हां, बोला. मोठ्याने बोला.

(श्रोत्यांतून: मग सर, हळद बंद करायची का?)

छे छे. भाजीत घाला, आमटीत घाला, दुधात घाला. माझ्याही घरी रात्री हळदीचं दूध असतं, झोप बरी लागते असं मला वाटतं, आणि हे मी सिद्ध करायला जात नाही. डबीतल्या हळदीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जास्त शोषली जावी म्हणून मिरीचा अर्क वगैरे घालून केलेल्या मोठ्या डोसच्या गोळ्यांबद्दल. इटलीत आणि अमेरिकेत त्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय अजिबात नको.

(श्रोत्यांतून: त्या गृहस्थांना तुम्ही काय सांगितलंत?)

त्यांना म्हटलं, बाटलीचे पैसे बाजूला ठेवा आणि आधी वहिनींचे कान तपासून घ्या. ते म्हणाले, डोळे पण तपासायचेत, मोतीबिंदू दोन वर्षं पिकलाय. मग गेल्या मंगळवारी आम्ही दोघं त्यांना घेऊन तळेगावला गेलो. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे.